पाणबुड्याचे हलके बिऱ्हाड

1981 पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्याला समुद्राचा दीर्घ किनारा लाभला असला, तरी त्या वैभवाच्या वाटणीत कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या पदरी मूठभर वाळूही पडली नाही. आम्हाला मिळाल्या त्या उल्हास आणि पाताळगंगा या नद्या, सह्याद्रीचे कडे, आणि बोरघाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी बँकर इंजिने. अशा मुलखातल्या माणसाला सागरतळाचा छंद जडावा, हे आमच्याकडे आजही काहीसे विक्षिप्तपणाचे लक्षण मानले जाते. परंतु ज्याचे घर किनाऱ्यावर आहे त्याला जी गोष्ट कधी सुचणार नाही, ती या भूगोलानेच मला शिकवली. कारण कर्जतहून पनवेल गाठून, मध्यरात्रीनंतर तेथे येणारी कोकणकन्या एक्सप्रेस पकडून, सकाळी कुडाळला उतरून, पाठीवरच्या ओझ्यासह मालवणच्या एस.टी.त ज्याला शिरायचे असते, त्याला सामानातल्या प्रत्येक अर्ध्या किलोचा जमाखर्च मांडावाच लागतो.

प्रास्ताविक तपशील थोडक्यात आटोपतो. प्रशिक्षणाशिवाय पाण्यात उतरू नये. पहिल्या प्रमाणपत्रावर 18 मीटर खोलीपर्यंत जाता येते, आणि शिकण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही, कारण महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीतच आहे. पावसाळ्यात मालवणचे डायव्हिंग बंद असते. हंगामात पाणी इतके उबदार असते की थंड प्रदेशातील पाणबुड्यांचे जाड पोशाख आपल्याला केवळ भार होतात.

मालवणच्या जेटीवर एकदा माझी फुगलेली पिशवी होडीत ओढून घेताना तांडेल म्हणाला, "साहेबानू, येवढा सामान कित्याक हाडलात? पाण्यात बिऱ्हाड थाटूचा आसा काय?" या प्रश्नातच निवडीचे अर्धे शास्त्र आले. जे शरीराला भिडते आणि ज्यावर श्वास अवलंबून असतो, ते स्वतःचे असावे. जे निव्वळ वजन आहे, ते जिथल्या तिथे भाड्याने घ्यावे. हवेची टाकी आणि बुडण्यासाठी लागणारे शिसे या घरून नेण्याच्या वस्तू नव्हेत. सर्वत्र आढळणारी अॅल्युमिनियमची टाकी रिकामीच सुमारे 14 किलो भरते, आणि तिच्यात कोंडलेली हवा, जिला आपण वजनरहित समजतो, तीही अडीच किलोंहून अधिक असते. त्यामुळे बुडीच्या आरंभी जी टाकी पाण्यात किंचित जड असते, तीच अखेरीस वर तरंगू पाहते, आणि शिशाचा हिशेब या अखेरच्या अवस्थेसाठी करावा लागतो. आमच्या भागात शेतघरांचे पोहण्याचे तलाव उदंड असल्याने नव्या सामानाची चाचणी तेथे होऊ शकते. मात्र समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के अधिक घन असल्यामुळे, सामानासह 100 किलो भरणाऱ्या माणसाला समुद्रात अडीच किलो शिसे जादा लागते, ही गोष्ट तलावातला अनुभव आपणहून सांगत नाही.

आता माझ्या आवडत्या विषयाकडे, म्हणजे रेग्युलेटरकडे वळतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन अंमलाखालील फ्रान्समध्ये पेट्रोल दुर्मिळ झाले, तेव्हा मोटारी गॅसवर चालाव्यात म्हणून एमिल गान्यां या अभियंत्याने इंजिनाच्या मागणीबरहुकूम गॅस सोडणारी एक झडप सिद्ध केली होती. नौदलातील अधिकारी जाक कुस्तो त्याला भेटला आणि 1943 मध्ये दोघांनी मिळून तीच कल्पना मानवी फुफ्फुसांच्या दिमतीला लावली. टाकीत सुमारे 200 बार दाबाने कोंडलेली हवा रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यात भोवतालच्या पाण्याच्या दाबाहून साधारण 10 बार अधिक इतक्या दाबावर उतरते, आणि तोंडातल्या दुसऱ्या टप्प्यात ती नेमकी भोवतालच्या दाबाएवढी होऊन, मागितली तेव्हाच आणि मागितली तेवढीच मिळते.

200 बार म्हणजे काय, हे ज्याला प्रत्यक्ष समजून घ्यायचे असेल, त्याने खोपोलीला यावे. 1915 पासून वीज निर्माण करणाऱ्या टाटांच्या केंद्राकडे लोणावळ्याच्या बाजूचे पाणी ज्या नळांतून उतरते, ते नळ पाचशे मीटरांहून अधिक खाली येतात, म्हणजे त्यांच्या तळाशी पन्नास बारांहून अधिक दाब असतो. हा दाब झेलायला तेथे जाड पोलाद आणि काँक्रीटचे ठोकळे लागतात, आणि पाणबुड्या त्याच्या चौपट दाब पाठीवर घेऊन माशांमागे हिंडतो. याच खोपोलीत, उभी हयात दाबाच्या झडपांची दुरुस्ती करण्यात घालवलेल्या एका निवृत्त फिटरकाकांपुढे मी मोडीत काढलेला एक जुना रेग्युलेटर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पहिला टप्पा उलगडला, स्प्रिंग बाजूला ठेवली, तुरीच्या डाळीएवढी प्लॅस्टिकची बैठक चिमटीत धरली आणि तिच्यावर उमटलेला गोल वळ नखाने दाखवत म्हणाले, "भाऊ, पितळ तुमच्या नातवापर्यंत टिकेल. मरतं ते हे. हा वळ खोल गेला की हवा निसटायला लागली म्हणून समजा."

तेव्हापासून माझे मत कायम झाले आहे की रेग्युलेटर घेताना त्याच्या वजनाआधी त्याच्या सुट्या भागांची चौकशी करावी. ज्याची अधिकृत दुरुस्ती मुंबईत किंवा पुण्यात होत नाही, तो कितीही हलका असला तरी महाग पडतो. टायटॅनियम हलके आणि गंजापासून मुक्त असले, तरी त्याची किंमत पाहता क्रोमचा मुलामा दिलेले पितळ सामान्य माणसास पुरेसे आहे. वजन वाचवायचे ते अन्यत्र वाचवावे. विस्तार पावणारी हवा थंड होऊन यंत्र गोठू नये म्हणून केलेली शीतजलाची तजवीज आपल्याला निरुपयोगी असते, आणि युरोपीय मानकानुसार 10 अंशांवरील पाण्यासाठी म्हणून शिक्का मारलेले साधन मालवणला किंवा अंदमानला निर्धास्त चालते. बॅलन्स्ड प्रकार मात्र सोडू नये, कारण टाकी रिती होत आली तरी श्वासाचे श्रम त्यात वाढत नाहीत. विणलेल्या आवरणाच्या नळ्या रबरी नळ्यांहून हलक्या आणि लवचीक असतात. परंतु त्यांपैकी काहींचे आतले अस्तर उष्ण हवामानात झिजून त्याचे स्फटिक बनल्याचे आढळले आहे, म्हणून त्या उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवू नयेत आणि मुदतीत बदलाव्यात.

उरलेल्या वस्तूंचा निवाडा लवकर होतो. हवा भरण्याचे जाकीट, म्हणजे बी.सी.डी., पाठीचा कठीण पत्रा नसलेले आणि घडी होणारे घ्यावे. ते अडीच-तीन किलोंत मिळते. होडीवरून उडी मारणाऱ्याला पूर्ण पायाची फिन्स पुरतात, वेगळे बूट लागत नाहीत. मास्क चेहऱ्याला लावून, पट्टा न ओढता, नाकाने किंचित श्वास आत घेतल्यावर जागीच चिकटून राहिला तर तो आपला. बाकी रंगरूप गौण. पोशाख तीन मिलिमीटरहून जाड नको, आणि तो रात्रीत वाळतो का हे दुकानदारास अवश्य विचारावे, कारण कोकणच्या दमट हवेत न वाळलेला वेटसूट परतीच्या पिशवीत दुप्पट जड होतो. हे सारे रेग्युलेटरसह आठ-नऊ किलोंत बसते, आणि देशांतर्गत विमानात सामान्यतः मिळणाऱ्या 15 किलोंच्या सवलतीत कपड्यांनाही जागा उरते.

बुडीत शरीरात साठणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब ठेवणाऱ्या मनगटावरच्या संगणकाविषयी मात्र काटकसर नको. त्याच्या गणिताचे मूळ शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी 1908 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत आहे, आणि कोवळ्या वयातच वडिलांच्या प्रयोगात पाण्याखाली उतरलेला त्यांचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन 1957 मध्ये भारतात येऊन येथलाच नागरिक झाला आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. या गणिताचा एक हुकूम आम्हा घाटाखालच्यांना विशेष लागू आहे. बुडीनंतर शरीरात उरलेला नायट्रोजन उंचीवर बुडबुडे धरू शकतो, म्हणून एका बुडीनंतर निदान 12 तास आणि अनेक बुड्यांनंतर 18 तास विमानात बसू नये असा शिरस्ता आहे. तो साधारण 600 मीटरांपासूनच्या उंचीला धरून आहे, आणि लोणावळा तेवढ्याच उंचीवर, तर आंबोली व माथेरान त्याहून वर आहेत. तात्पर्य, रविवारी दुपारी पाण्याबाहेर पडून लगेच आंबोली घाटाने निघणाऱ्या पुणेकराने वाट पाहावी हे बरे. कोकणरेल्वेने सपाटीवरून परतणाऱ्या कर्जतकराला ती सक्ती नाही, पण सोमवारी पहाटेच पाहुण्यांना घेऊन माथेरान गाठण्याचा बेत असेल, तर तो त्यानेही दुपारवर ढकलावा.