टोळधाड आणि राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्य

बांधावरून वाद चालू असलेले दोन भाऊबंद बहुतेक प्रत्येक गावात आढळतात. कोर्टात तारखा पडत असतात, बोलणे बंद असते, एकाच्या घरच्या कार्याला दुसरा जात नाही. परंतु रात्री रानडुकरांचा कळप शिवारात उतरला म्हणजे तेच दोघे आपापल्या बांधावर येऊन उभे राहतात व कळप कोणत्या अंगाला वळला हे एकमेकांस ओरडून सांगतात. वाद मिटलेला नसतो, मनेही जुळलेली नसतात. डुकरांना बांध समजत नाही, एवढे मात्र दोघांनाही पक्के समजलेले असते.

राष्ट्राराष्ट्रांचे व्यवहार पुष्कळदा असेच असतात. परराष्ट्रीय धोरण हा विषय दिल्लीतील मुत्सद्द्यांचा, त्याच्याशी आपला काय संबंध, असे शेतकऱ्यास वाटणे स्वाभाविक आहे. तथापि मे २०२० मध्ये मध्य प्रदेशातून टोळांचे थवे विदर्भात उतरले, तेव्हा अमरावती, वर्धा व नागपूर ह्या जिल्ह्यांतील संत्र्यांच्या बागा व भाजीपाल्याचे मळे वाचविण्यासाठी रात्र रात्र जागलेल्या शेतकऱ्यांनी हा संबंध प्रत्यक्ष पाहिला. ही धाड आली कोठून, आणि वाटेतच कोणी ती का अडविली नाही, हे प्रश्न त्या वेळी अनेकांच्या तोंडी होते. त्यांचे उत्तर देण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे.

टोळाचा स्वभाव

वाळवंटी टोळ हा एरवी एकटा राहणारा, फारसा उपद्रव न देणारा कीटक आहे. पाऊस पडून वाळवंट हिरवे झाले म्हणजे मादी ओल्या वाळूत दहा ते पंधरा सेंटिमीटर खोलीवर अंडी घालते. सुमारे दोन आठवड्यांत अंडी फुटतात, आणि त्यानंतर पाच-सहा आठवड्यांत बिनपंखी पिलांस पंख फुटतात. एका पिढीमागून दुसरी पिढी वाढली व हिरवळ कमी पडू लागली की दाटीमुळे टोळांचा रंग आणि स्वभाव दोन्ही पालटतात. एकटे राहणारे टोळ थव्याने राहू लागतात. हे दोन निरनिराळ्या जातींचे कीटक नसून एकाच जातीच्या दोन अवस्था आहेत, ही गोष्ट उव्हारोव्ह ह्या शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये दाखवून दिली.

एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असू शकतात. एवढा थवा एका दिवसात सुमारे ३५,००० माणसांना पुरेल इतके अन्न फस्त करतो. वाऱ्याबरोबर तो दिवसाला दीडशे किलोमीटरपर्यंत मजल मारू शकतो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते, टोळाला मात्र कुंपण म्हणून नाहीच. धाडीच्या काळात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून भारतापर्यंत सुमारे साठ देशांना त्याचा उपद्रव पोहोचू शकतो.

ऋतूंप्रमाणे टोळांच्या वाटाही ठरलेल्या असतात. वसंतात इराण व पाकिस्तान ह्यांच्या बलुचिस्तान भागात त्यांची पैदास होते. उन्हाळ्याच्या शेवटी ते पूर्वेकडे सरकून पाकिस्तानातील थरपारकर व चोलिस्तान आणि भारतातील राजस्थान व कच्छ ह्या भागांत उतरतात आणि पावसाळी हवेत तेथे वाढतात. कधी कधी आफ्रिकेच्या पूर्व टोकाकडूनही नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर समुद्र ओलांडून थवे येतात. शरद ऋतूत वारे फिरले की टोळ पुन्हा पश्चिमेकडे जातात.

ह्या येरझारीत पुढील सर्व विवेचनाचे मर्म आहे. मे-जून महिन्यांत पश्चिमेकडे काय चालले आहे ह्या बातमीची निकड भारताला असते. ऑक्टोबरमध्ये भारतात काय शिल्लक उरले आहे ह्या बातमीची तितकीच निकड पाकिस्तान व इराण ह्यांना असते. आज जो सांगणारा, तो उद्या विचारणारा होतो. म्हणून बातमी दडवून ठेवण्यात कोणाचाच लाभ नाही.

सहकार्य कसे घडत गेले

एकट्या देशाने टोळांचा बंदोबस्त होत नाही हे फार पूर्वीच ध्यानात आले होते. १९२० मध्ये रोम येथे टोळांविरुद्ध एक आंतरराष्ट्रीय करार झाला. तरीही १९२६ ते १९३१ ह्या काळात हिंदुस्थानात झालेल्या धाडींत त्या वेळच्या किमतीने सुमारे दहा कोटी रुपयांची पिके गेली. ह्या अनुभवानंतर १९३९ मध्ये टोळांची आगाऊ सूचना देणारी संघटना स्थापन झाली. तिचे मुख्य ठाणे नवी दिल्लीस व उपठाणे कराचीस होते.

१९४७ मध्ये फाळणी झाली आणि सरहद्दीची रेषा थरच्या वाळवंटातून गेली. माणसे विभागली गेली, कचेऱ्या विभागल्या गेल्या. टोळांची पैदास होणारा प्रदेश मात्र एकच राहिला. त्याची एक बाजू एका सरकारकडे आणि दुसरी बाजू दुसऱ्या सरकारकडे आली, एवढाच काय तो फरक.

१९५१ मध्ये इराणवर मोठी धाड आली. त्या वेळी अमेरिकेने इराणला विमाने व कीटकनाशक पाठविले, आणि सोव्हिएत संघानेही मदत केली. त्याच सुमारास कोरियाच्या युद्धात ही दोन बलाढ्य राष्ट्रे परस्परविरुद्ध बाजूंच्या पाठीशी उभी होती. सोव्हिएत संघ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेचा सभासदही नव्हता. ह्या मदतीमागे केवळ भूतदया होती असे म्हणता येणार नाही. इराणात आपले वजन वाढावे हा हेतू दोघांचाही होता. परंतु हेतू काही असला तरी औषध टोळांवरच पडले व पिकांचे रक्षण झाले.

१९६४ मध्ये अन्न व कृषि संघटनेच्या आश्रयाने नैर्ऋत्य आशियासाठी टोळ नियंत्रण आयोग स्थापन झाला. अफगाणिस्तान, भारत, इराण व पाकिस्तान हे त्याचे चार सभासद. त्या वर्षी ह्या चार देशांत चार तऱ्हेची राज्ये होती. भारतात लोकनियुक्त संसद होती, पाकिस्तानची सूत्रे सेनापती अयूब खान ह्यांच्या हाती होती, इराणात शहांची सत्ता होती आणि अफगाणिस्तानात राजा होता. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, भारत व पाकिस्तान ह्यांच्यात युद्ध झाले आणि १९७१ मध्ये पुन्हा झाले. अफगाणिस्तानातील राजेशाही १९७३ मध्ये गेली, इराणातील १९७९ मध्ये. अफगाणिस्तानात त्यानंतरही अनेकवार सत्तापालट झाला. आयोग मात्र मोडला नाही.

हे सहकार्य टिकले कशामुळे

पहिले कारण हे की आयोगाचे काम अत्यंत मर्यादित ठेवलेले आहे. कोणाची राज्यपद्धती बरी, काश्मीर कोणाचे, असल्या प्रश्नांत तो शिरत नाही. टोळ कोठे आहेत, किती आहेत, जमिनीत ओल किती, वारा कोणीकडचा, हाच त्याचा विषय. भिन्न विचारांची राष्ट्रे एकत्र यावयाची असतील तर कामाची सीमा अशी आखून घ्यावी लागते.

दुसरे कारण म्हणजे हे काम शास्त्रज्ञ व क्षेत्रीय अधिकारी ह्यांच्या हाती आहे. राजस्थानातील मुनाबाव व पलीकडील खोक्रापार ह्या सरहद्दीवरील ठाण्यांवर पावसाळी हंगामात दोन्ही बाजूंचे टोळ अधिकारी भेटत व आपापल्या भागाची स्थिती एकमेकांस सांगत, अशी पद्धत अनेक वर्षे चालत आली. ऑगस्ट २०१९ मध्ये दोन्ही देशांचे संबंध अतिशय बिघडले. व्यापार थांबला आणि ह्याच ठाण्यांवरून जाणारी थर एक्सप्रेसही बंद झाली. त्यानंतरही त्या हंगामात टोळ अधिकाऱ्यांच्या भेटी चालू राहिल्या. २०२० मध्ये साथीच्या रोगामुळे प्रत्यक्ष भेटणे अशक्य झाले, तेव्हा चारही देशांचे तांत्रिक अधिकारी दर आठवड्यास दूरसंवादाने एकमेकांशी बोलत होते. त्याच वर्षी भारताने इराणला २५ टन मॅलॅथिऑन पाठविले. इराणच्या भूमीवर मेलेला टोळ पुढे राजस्थानात येणार नाही, हा हिशेब त्यामागे होता.

तिसरे कारण वर सांगितलेच आहे. येथे लाभ दोघांचाही होतो. ज्या वस्तूची वाटणी करावयाची असते तेथे हे इतके सोपे नसते. नदीचे पाणी एकाने जास्त घेतले की दुसऱ्यास कमी पडते. म्हणून भारत व पाकिस्तान ह्यांच्यातील १९६० चा सिंधू पाणीवाटप करार दोन युद्धांतून टिकूनही वादाचा विषय राहिला, आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील दहशतवादी हल्ल्यानंतर भारताने तो स्थगित केला. बातमीचे तसे नाही. ती दुसऱ्यास दिल्याने आपल्याजवळची कमी होत नाही.

सहकार्य तुटले म्हणजे काय होते

ह्या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०१८ च्या मे महिन्यात मेकुनू व ऑक्टोबरमध्ये लुबान अशी दोन चक्रीवादळे अरबस्तानच्या दक्षिणेकडील निर्जन वाळवंटात शिरली. एरवी कोरड्या असणाऱ्या वाळूत तळी साचली व टोळांच्या लागोपाठ तीन पिढ्या कोणाच्या नजरेस न पडता वाढल्या. तेथून थवे येमेनमध्ये गेले. येमेनमध्ये त्या वेळी यादवी युद्ध चालू होते. देशाचे तुकडे निरनिराळ्या पक्षांच्या ताब्यात होते. पाहणी पथकांस सर्वत्र फिरता येत नव्हते व औषध फवारणेही दुरापास्त झाले होते. पैदास वाढतच गेली.

तेथून एक फळी आफ्रिकेत इथिओपिया, सोमालिया व केनिया ह्या देशांवर गेली. केनियाने सत्तर वर्षांत एवढी मोठी धाड पाहिली नव्हती. दुसरी फळी इराण व पाकिस्तानमार्गे पूर्वेकडे आली आणि मे २०१९ मध्ये राजस्थानात शिरली. त्या हंगामात भारतात सुमारे चार लाख हेक्टर क्षेत्रावर बंदोबस्त करावा लागला. २०२० मध्ये टोळ पुन्हा आले आणि थरच्या वाळवंटात अद्याप पाऊस व हिरवळ नसल्याने ते तेथे न थांबता मध्य प्रदेश व विदर्भापर्यंत पोहोचले.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शेजारी सरकार आपल्याहून निराळ्या तऱ्हेचे असणे हा सर्वांत मोठा धोका नव्हे. निराळ्या सरकाराशीही करार करता येतो. ज्या ठिकाणी जबाबदारी घेणारे कोणीच उरत नाही, किंवा पाहणी करणाऱ्यास जाण्याची वाटच बंद होते, तेथे खरा धोका उत्पन्न होतो. येमेनमधील युद्धाशी मोर्शी-वरूडच्या संत्रे बागायतदाराचा काही संबंध नव्हता. तरीही त्या युद्धाची झळ त्याच्या बागेपर्यंत आली.

सहकार्याच्या मर्यादाही नीट ओळखाव्यात. टोळांविषयी एकमत झाले म्हणून बाकीचे तंटे मिटले असे होत नाही. मुनाबावच्या भेटींनी भारत-पाक वैर कमी झाल्याचे दिसत नाही. परंतु वैर असूनही पीक वाचते, हा लाभही लहान नाही. १९२६-३१ च्या धाडीत दहा कोटी रुपयांचे नुकसान झाले होते. १९५९-६२ च्या धाडीत ते सुमारे पन्नास लाखांवर आले. चांगली औषधे, नियमित पाहणी व वेळेवर मिळालेली बातमी ह्या तिन्हींचे ते फळ होय.

गावपातळीवर काय करावे

आंतरराष्ट्रीय आयोगाचा गाडा अखेर खालून आलेल्या खऱ्या बातमीवर चालतो. ह्यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. प्रत्येक नाकतोडा म्हणजे टोळ नव्हे. नाकतोडे विखुरलेले असतात. टोळ दाट थव्याने उडतात. कोवळे पंखधारी टोळ गुलाबी आणि अंडी घालण्यास पक्व झालेले टोळ पिवळे दिसतात. खात्री करूनच बातमी द्यावी. खोट्या आवईने पथके भलतीकडे धावतात.

२. थवा दिसताच दिवस, वेळ, गाव, थव्याचा अंदाजे विस्तार, रंग आणि तो कोणत्या दिशेने गेला हे लिहून तालुका कृषि कार्यालयास तत्काळ कळवावे.

३. शेजारच्या गावास व शेजारच्या तालुक्यासही कळवावे. थवा आपल्या शिवारातून उठून गेला म्हणून स्वस्थ बसू नये.

४. सायंकाळी थवा झाडांवर कोठे उतरतो तिकडे लक्ष ठेवावे. रात्री व पहाटे, ऊन तापण्यापूर्वी, टोळ सुस्त असतात. फवारणी ह्याच वेळी करावी. औषध कृषि विभागाने शिफारस केलेले व सांगितलेल्या प्रमाणातच वापरावे. विहिरी, जनावरांचा चारा व मधमाश्यांच्या पेट्या सांभाळाव्यात.

५. दिवसा डबे व ढोल वाजविल्याने थवा आपल्या शेतात उतरण्याचे टळते, परंतु तो मरत नाही, शेजाऱ्याकडे जातो. म्हणून हाकलणे हा तात्पुरता उपाय समजावा. खरा बंदोबस्त सर्वांनी मिळून, थवा बसलेला असताना करावयाचा असतो.

हा शेवटचा नियम गावास जितका लागू आहे तितकाच राष्ट्रांसही लागू आहे. ज्याने टोळ नुसते शेजाऱ्याच्या शिवारात हाकलले, त्याच्याकडे वारा फिरताच ते परत येतात.