चकचकीत माहितीपुस्तिका आणि आमची पोरं

बारावीचा निकाल लागला की वर्ध्याच्या बजाज चौकापासून बसस्थानकापर्यंत खांबाखांबावर फलक चढू लागतात. टाय लावलेली गोरीगोमटी मुले, हातात लॅपटॉप, मागे काचेची इमारत आणि खाली ठळक अक्षरात 'बीबीए, शंभर टक्के नोकरीची हमी'. फलकावरचे चेहरे आमच्या देवळी, सेलू, समुद्रपूरच्या पोरांसारखे कधीच नसतात, हे सोडून देऊ. पण फलक वाचतात ती आमचीच पोरे आणि कर्ज काढतात ते आमचेच मायबाप.

गेल्या उन्हाळ्यात देवळी तालुक्यातले एक समाजबांधव आमच्याकडे आले. हंगामात जिनिंगमध्ये काम, एरवी मिळेल ती मजुरी. सोबत वाणिज्य शाखेतून बारावी झालेली मुलगी. गुण ७१ टक्के. त्यांनी पिशवीतून तीन माहितीपुस्तिका काढून आमच्यासमोर मांडल्या. एक वर्ध्याच्या जुन्या महाविद्यालयाची, साध्या कागदाची. दुसरी नागपूरच्या एका विनाअनुदानित महाविद्यालयाची. तिसरी पुण्याकडच्या एका खाजगी विद्यापीठाची, श्रीमंताच्या लग्नपत्रिकेसारखी जाड. "भाऊ, यातलं कोणतं बेस हाये, तेवढं सांगा," ते म्हणाले. मुलगी तिसऱ्या पुस्तिकेकडे पाहत होती.

ही तिसरी पुस्तिका घरी कोणी आणून दिली, हे आम्ही विचारले. उत्तर ऐकून वाईट वाटले, पण आश्चर्य वाटले नाही. आणणारा आपलाच होता. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे असणारा, दारात येऊन जयभीम घालणारा. एका प्रवेशामागे त्याला किती मिळतात हे त्याने सांगितले नव्हते. पूर्वी गावात सावकाराचा दलाल फिरायचा, आता प्रवेशाचा दलाल फिरतो, आणि तो आमच्याच वस्तीतला असतो म्हणून दार लवकर उघडते.

दलाल दारोदार का फिरतात, याचे कारण आकड्यात आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून बीबीए, बीएमएस आणि बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या अखत्यारीत घेतले. त्यामुळे महाराष्ट्रात २०२४ साली प्रथमच या अभ्यासक्रमांसाठी सामायिक प्रवेश परीक्षा झाली. जागा होत्या १ लाखाच्या वर आणि परीक्षा देणारे ५० हजारांच्या आत! जागा ओस पडणार हे दिसताच त्याच वर्षी पुन्हा एक परीक्षा घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी तर परीक्षेची कटकटच नको म्हणून अभ्यासक्रमाचे नाव बदलून त्याला बी.कॉम.चे लेबल लावले. याचा अर्थ आमच्या मायबापांनी नीट समजून घ्यावा. बीबीएच्या बाबतीत गरज तुम्हाला नाही, गरज त्यांना आहे. 'दोनच जागा उरल्या, आजच पैसे भरा' असे कोणी फोनवर सांगत असेल तर पिशवीची गाठ सोडू नका.

आता पुस्तिकेतल्या पगाराच्या आकड्याकडे वळू. तिन्ही पुस्तिकांत 'सर्वाधिक वेतन' मोठ्या अक्षरात होते, एकीत 'सरासरी वेतन'ही होते. सरासरी ही फार लबाड चीज आहे. दहा मुलांपैकी एकाला वर्षाला १२ लाख मिळाले आणि उरलेल्या नऊ जणांना दीड-दीड लाख, तर सरासरी निघते २ लाख ५५ हजार. म्हणजे जो पगार दहापैकी एकालाही मिळाला नाही, तो सगळ्यांचा म्हणून छापता येतो. खरे विचारायचे ते मध्यक वेतन. मुले पगाराप्रमाणे ओळीने उभी केली तर मधल्या मुलाला किती मिळाले? वरच्या उदाहरणात दीड लाखच. केंद्र सरकारची एनआयआरएफ नावाची क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्यात भाग घेणाऱ्या संस्थेला हा मध्यक आकडा द्यावा लागतो, आणि त्यासोबत मागासवर्गीय विद्यार्थी किती आणि किती जणांची पूर्ण फी सरकारने भरली, हेही द्यावे लागते. ही माहिती संस्थेच्या संकेतस्थळावर कुठेतरी कोपऱ्यात पडलेली असते. आमच्या पोरांनी मोबाईलवर रील पाहता पाहता दहा मिनिटे ती शोधावी. आणखी एक गंमत. ज्या 'व्यवस्थापन' क्रमवारीचा डंका पिटला जातो, तिच्यात प्रामुख्याने एमबीएच्या संस्था असतात. एमबीएचा क्रमांक दाखवून बीबीए विकणे हा शुद्ध बनियेगिरीचा नमुना झाला.

पण पगाराच्याही आधीचा प्रश्न आहे तो फीचा. महाविद्यालयांची तुलना करताना सवर्ण मध्यमवर्गीय बाप कॅम्पस पाहतो, आमच्या बापाने आधी महाडीबीटी पाहावे. त्या संस्थेचे आणि त्याच अभ्यासक्रमाचे नाव शिष्यवृत्तीच्या यादीत आहे की नाही? 'आमच्याकडे सगळ्या स्कॉलरशिप चालतात' असे तोंडी सांगणारे पुष्कळ भेटतात, ते लेखी मागा. राज्य सरकारच्या फी-सवलतीच्या आदेशांत 'खाजगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळून' हे शब्द वारंवार डोकावतात, ते विसरू नका. दुसरे असे की व्यावसायिक अभ्यासक्रमाला शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, प्रवेश झाला तर शिष्यवृत्ती. व्यवस्थापन कोट्यातून गेलात की ती गेली. आता बीबीए व्यावसायिक झाले, म्हणजे सामायिक परीक्षा, कॅप आणि जात वैधता प्रमाणपत्र हे सगळे आले. जे पोर बारावीच्या अभ्यासाच्या धांदलीत परीक्षेचा अर्ज भरायचे विसरले, त्याच्यापुढे दलाल जो 'सोपा मार्ग' ठेवतो तो याच कोट्यातून जातो. पडताळणी समितीकडे अर्ज अकरावीतच टाकावा, हे आम्ही दरवर्षी लिहितो आणि दरवर्षी जूनमध्ये सामाजिक न्याय भवनासमोर तीच रांग पाहतो.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही सरकारची मेहेरबानी नाही. बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी केलेल्या झगड्यातून १९४४ साली ती सुरू झाली. आज पालकाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, आणि महाराष्ट्रात त्यापेक्षा जास्त असले तरी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला फ्रीशिप आहे. मात्र डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ६०:४० चे नवे सूत्र आणले. केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्याने तो महाविद्यालयाला भरायचा. ऐकायला छान. पण पैसा वेळेवर आला नाही की कार्यालयातला बाबू फी विद्यार्थ्याकडेच मागतो, आणि पैसा आला त्याच आठवड्यात घरात कोणी आजारी असले तर तो दवाखान्यात जातो. मग वर्षाच्या शेवटी टीसी आणि गुणपत्रिका अडकते. म्हणून महाविद्यालय निवडताना तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या आपल्या पोरांना गाठावे आणि एवढेच विचारावे, शिष्यवृत्ती उशिरा आली तेव्हा कॉलेज तुमच्याशी कसे वागले? परीक्षेला बसू दिले का? या एका उत्तरातून जे कळते ते शंभर पानांच्या पुस्तिकेतून कळत नाही.

राहण्याचा खर्च वेगळा. समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर २०१६-१७ पासूनची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्या मूळ आदेशात नागपूर, पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार आणि लहान ठिकाणांसाठी ४३ हजार रुपये ठरले होते. ५० टक्के गुणांची अट आहे, आणि विद्यार्थी त्याच शहराचा रहिवासी नसावा. देवळीच्या मुलीला ७१ टक्के आहेत, म्हणजे तिचा हक्क बनतो. पुस्तिका आणणाऱ्या बंधूंनी हे तिला सांगितले नव्हते.

आता बीबीए की बी.कॉम., या मुद्द्यावर येऊ. आमच्या लोकांत एक समज घट्ट झाला आहे की बी.कॉम. म्हणजे जुनेपाने आणि बीबीए म्हणजे साहेबाची डिग्री. अनुदानित महाविद्यालयात बी.कॉम. शिकवणाऱ्या कायम प्राध्यापकाला शासन पगार देते. त्याच इमारतीत चालणारे बीबीए किंवा नागपूर विद्यापीठाचे बीसीसीए बहुधा कायम विनाअनुदानित असते. तिथे शिकवणारा तरुण पुष्कळदा तासिका तत्त्वावर राबतो आणि दिवाळीनंतर दुसरी नोकरी मिळाली की निघून जातो. मुले वर्षभर नवे नवे सर पाहतात. हा दोष त्या तरुणाचा नाही. त्यातले कितीतरी आमचेच नेट-सेट झालेले बांधव आहेत. पण फी दहापट आणि मास्तर अर्ध्या पगाराचा, हा हिशेब मायबापांनी करायला नको का? भाषेचेही तसेच. बी.कॉम. मराठीतून लिहिता येते, बीबीए बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून. इंग्रजी शिकलीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण जे महाविद्यालय पहिल्या सहा महिन्यांत पोराला इंग्रजीसाठी हात देत नाही, तिथे मराठी माध्यमाचे पोर मागच्या बाकावर बसून नापास होते आणि दोष स्वतःला देते.

आणि एमबीए करायचेच असेल तर बीबीएची अट कुठेच नाही! कॅट परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. खुल्या वर्गाला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४५ टक्के गुण. बी.कॉम. करता करता सीएची फाउंडेशन परीक्षा देता येते. हिंमत मोठी असेल तर इंदूरच्या आयआयएमने २०११ पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम चालवला आहे. ती केंद्रीय संस्था, म्हणून अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात टक्के जागा कायद्याने राखीव. फीचा आकडा पाहून घाबरू नका, केंद्राची 'टॉप क्लास' शिष्यवृत्ती आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला आहे. जातीचा दाखला मात्र केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढून ठेवा.

याउलट खाजगी संस्थांचे काय? ९३ व्या घटनादुरुस्तीने कलम १५(५) आणून तिथेही आरक्षणाचा दरवाजा उघडला, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला, तरी संसदेने खाजगी संस्थांसाठी कायदा काही केला नाही. शिक्षण विकायला काढताना घाई आणि वाटा देताना आळस, हे सर्वपक्षीय धोरण आहे.

कोणी म्हणेल, कशाला हवा हा धंद्याचा अभ्यास आमच्या पोरांना? आमचे उत्तर असे की नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात बाबासाहेब जिथे प्राध्यापक होते ते मुंबईचे सिडनहॅम हे वाणिज्य महाविद्यालयच होते. रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा हा माणूस व्यापाराचे शास्त्र व्यापाऱ्यांच्या पोरांना शिकवत होता, आणि त्याच आवारात काही सहकाऱ्यांना त्याने त्यांच्या माठाचे पाणी घेणे खपत नव्हते. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ साली सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले ते उगाच नाही. वर्ध्यात तर शिक्षा मंडळाचे गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय १९४० पासून आहे. गांधी-बजाजांच्या या गावाशी आमचा वैचारिक झगडा जगजाहीर. पण व्यापारी वर्गाला आपल्या पोरांना हिशेब शिकवण्याचे महत्त्व तेव्हाच कळले होते, हे मान्य करायला हरकत नसावी. आम्ही मात्र पोरांना आधी बी.ए., मग डी.एड.ला लोटले. डी.एड.च्या कागदाचे काय झाले ते प्रत्येक वस्तीने पाहिले आहे. हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या गाठी उचलणारे हात आमचे आणि भावाची वही दुसऱ्याच्या हातात, ही स्थिती आजही फारशी हललेली नाही. त्या मुलीचा बाप ज्या जिनिंगमध्ये राबतो, तिथली वही कधीतरी ती लिहील, नव्हे तपासील, असे आम्हाला वाटते. म्हणून महाविद्यालय कोणते, हा प्रश्न आम्हाला किरकोळ वाटत नाही.

त्या दिवशी आम्ही त्यांना नाव सुचवले नाही. मुलीच्या हातात फोन दिला आणि म्हटले, बाई, तूच विचार. तिने तिन्ही ठिकाणी तीन गोष्टी विचारल्या: महाडीबीटीवर या कोर्सचे नाव आहे का, कायम प्राध्यापक किती, आणि मागच्या वर्षी अनुसूचित जातीच्या किती मुली तिसरे वर्ष पास झाल्या. पुण्याकडच्या बाईंनी पहिल्या प्रश्नावर 'काउन्सेलर कॉल करतील' म्हणून फोन ठेवला. नागपूरवाल्यांनी दुसऱ्या प्रश्नावर विषय बदलला. वर्ध्याच्या जुन्या महाविद्यालयातला कारकून जरा चिडला, मग म्हणाला, "एवढं फोनवर नाही सांगता येत, उद्या ये, रजिस्टर दाखवतो."

बापाने जाड पुस्तिका पिशवीत घातली नाही. दुसऱ्या दिवशी देवळीहून सकाळच्या पहिल्या एसटीने दोघेही रजिस्टर पाहायला गेले.