विशेषनामांचा अर्थ आणि कागदांची ओळख : सातारा व सांगली

जुन्या कागदांत एखादें अपरिचित नांव आलें कीं, त्याचा अर्थ काय, हा प्रश्न संग्राहकाच्या मनांत प्रथम उभा राहतो. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु तो प्रथम विचारण्याचा नव्हे, असें आम्हांस वाटतें. व्युत्पत्ति शब्दाचा इतिहास सांगते, माणसाचा नव्हे. माणसाची ओळख पटवावयाची तर नांव कोणीं ठेविलें, केव्हां ठेविलें आणि कागदांत तें कोणत्या रूपानें आलें, या तीन गोष्टी आधीं पाहिल्या पाहिजेत. येथें चूक झाली तर आजोबाचा कागद नातवाच्या रुमालांत बांधला जातो, यादींत तसाच चढतो, आणि पुढील अभ्यासक त्या यादीवर विसंबून एका पिढीचें कर्तृत्व दुसरीच्या पदरांत घालतो. १८५२ च्या ११ व्या कायद्यान्वयें इनाम कमिशनचें काम चाललें, तेव्हां तर सनदेंतील पुरुष आणि दावेदाराचा पूर्वज एकच कीं नाहीं, यावर कित्येक कुटुंबांची जमीन अवलंबून होती.

उदाहरणांसाठीं आम्ही सातारा व सांगली हा टापू घेतला आहे. या टापूच्या नांवाचाच घोटाळा प्रथम दूर करावा. १९४९ सालीं येथें जो नवा जिल्हा झाला त्याचें नांव ‘दक्षिण सातारा’ होतें. १९६० सालीं तें ‘सांगली’ असें झालें. तेव्हां मधल्या वर्षांतील एखाद्या यादीवर ‘दक्षिण सातारा’ असा शेरा असल्यास तो कागद साताऱ्याचा नव्हे, आजच्या सांगली जिल्ह्याचा समजावा.

हा प्रश्न केवळ आपलाच नाहीं. इंग्लंडांत विल्यम कॅम्डेननें १६०५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तिकडील प्रचलित नांवांचे अर्थ वर्णानुक्रमानें दिले आहेत. परंतु त्याच काळांतील माणसें ओळखावयास ते अर्थ फारसे उपयोगी पडत नाहींत. गॉडी घराण्यांत एकाच बापाच्या तीन मुलांचें नांव टॉमस होतें. त्यांतील धाकट्यास दृढीकरणसंस्काराच्या वेळीं ‘फ्रान्सिस’ हें नांव मिळालें. हा संस्कार बिशपनें करावयाचा असतो. तोच पुढें फ्रान्सिस गॉडी या नांवानें न्यायाधीश झाला. एडवर्ड कोकनें १६२८ च्या आपल्या कायदेग्रंथांत, संस्कारांत मिळालेलें असें नांव ग्राह्य धरावें, यासाठीं हेंच उदाहरण दिलें आहे. ‘टॉमस’ म्हणजे जुळा, एवढें कळून या तिघांचा उलगडा होत नाहीं. नांव कधीं व कोणत्या संस्कारानें बदललें, हें कळल्यावरच होतो.

बिशपांच्या स्वतःच्या सह्यांचीही हीच गोष्ट. बिशप आपलें जन्मनांव लिहून पुढें आपल्या पीठाचें लॅटिन रूप लिहितो. कुलनाम लिहीत नाहीं. लॅन्सलॉट अँड्र्यूज १६०५ सालीं चिचेस्टरचा, १६०९ सालीं ईलीचा आणि १६१९ सालीं विंचेस्टरचा बिशप झाला. त्यामुळें त्याच्या सहीचा उत्तरार्ध तीनदां पालटला; माणूस मात्र तोच. विंचेस्टरचें लॅटिन रूप ‘विंटन’ हें आडनांव समजून कोणी शोध करूं लागला, तर त्यास तो कधींच सांपडणार नाहीं.

आतां साताऱ्याकडे वळूं. छत्रपति शाहूमहाराजांचा जन्म १६८२ सालचा, आणि त्यांचें जन्मनांव शिवाजी. ‘शाहू’ हें नांव कसें पडलें, याविषयीं एक प्रसिद्ध कथा आहे, व ती ग्रँट डफच्या इतिहासांतही आली आहे. आजोबास चोर म्हणणाऱ्या औरंगजेबानें नातवास ‘साव’ म्हटलें आणि त्याचेंच पुढें ‘शाहू’ झालें, असा तिचा आशय. कथा चटकदार आहे. परंतु नांवाच्या रूपाकडे पाहतां दुसरी उपपत्ति अधिक सरळ दिसते. या घराण्यांत शहाजी हें नांव पूर्वींपासून होतें. शिवाजीमहाराजांच्या संस्कृत मुद्रेंत त्यांस ‘शाहा’चा पुत्र म्हटलें आहे, म्हणजे मूळ नांव ‘शाह’, आणि ‘जी’ हा आदरार्थी प्रत्यय. विठोजीचा विठू आणि रामजीचा रामू होतो, त्याच चालीवर शाहाचा शाहू होण्यास अडचण नाहीं. मोडी लिहिणारे श व स यांचा भेद कटाक्षानें पाळीत नसत, त्यामुळें ‘साव’ची कथा रुजण्यास जागाही मिळाली असावी. हें आमचें मत आहे. वाचकांनीं तें तपासून घ्यावें.

परंतु कोणतीही उपपत्ति धरली तरी संग्राहकाचें काम वेगळेंच राहतें. इसवी सन १७०० ते १७१४ या काळांतील कागदांत ‘शिवाजी राजे’ असें आलें, तर तेथें शाहूमहाराजांचें जन्मनांव आहे असें समजूं नये. तो बहुतकरून ताराबाईंचा पुत्र असतो. साताऱ्याच्या गादीवर शाहूही दोन झाले. पहिल्यांचा राज्याभिषेक १७०८ सालीं झाला व ते १७४९ सालीं निवर्तले. दुसरे वावीकर भोसल्यांच्या घरांतील विठोजी. १७७७ सालीं दत्तक येतांच त्यांचे शाहू झाले आणि १८०८ पर्यंत गादीवर राहिले. कोल्हापुरासही कागलकर घाटग्यांचे यशवंतराव १८८४ सालीं दत्तक जाऊन शाहू झाले. इंग्लंडांत जें बिशपच्या हातून घडलें, तें आपल्याकडे दत्तविधानानें घडतें. पूर्वींच्या कागदांत एक नांव आणि नंतरच्या कागदांत दुसरें.

खुद्द शहाजी या नांवाचाही अर्थ कोशांत पाहिला तर ‘राजा’ एवढाच मिळेल. बखरकारांची परंपरा सांगते ती गोष्ट निराळी. अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नवसानें मालोजीस दोन पुत्र झाले, म्हणून एकाचें नांव शहाजी आणि दुसऱ्याचें शरीफजी ठेविलें. दोन्ही भावांचीं नांवें एकत्र ठेविल्यावांचून हा संबंध दिसत नाहीं. एकटें नांव मुकें असतें. भावंडांच्या नांवांसह तें बोलूं लागतें.

बापाच्या नांवाचें रूप हा यापुढील विषय होय. पेशव्यांच्या घराण्यांत बाळाजी विश्वनाथाचे पुत्र ‘बाजीराव बल्लाळ’ म्हणवितात. ‘बल्लाळ’ शब्दाच्या मागें लागून कोणी होयसळ राजांपर्यंत जाईल; परंतु येथें बल्लाळ म्हणजे बाळाजी, यापेक्षां अधिक कांहीं नाहीं. त्याचप्रमाणें नारायणाचा नारो, मोरेश्वराचा मोरो, महादेवाचा महादाजी होतो. मराठा व इतर शेतकरी घराण्यांच्या वतनी कागदांत बापाच्या नांवापूर्वीं बहुधा ‘बिन’ किंवा ‘वलद’ हे अरबी शब्द येतात. ब्राह्मण घराण्यांत बापाचें नांव तसेंच पुढें जोडलेलें असतें.

येथेंच सर्वांत मोठा धोका आहे. नातवास आजोबाचें नांव ठेवावयाची चाल असल्यामुळें दोनच नांवें पिढ्यानपिढ्या आलटून पालटून येतात. पटवर्धनांच्या घराण्यांत रामचंद्र हरी, त्यांचे पुत्र परशुराम रामचंद्र, म्हणजे १७९९ सालीं पडलेले परशुरामभाऊ, आणि त्यांचे पुत्र पुनः रामचंद्र परशुराम. नुसत्या ‘रामचंद्र’ या नांवावरून आजोबा व नातू वेगळे काढतां येत नाहींत. दुसरें नांव पाहिलें कीं क्षणांत निर्णय होतो. वाईजवळच्या मेणवलीशीं ज्यांचें नांव जोडलें गेलें आहे ते नाना फडणीस हेही बाळाजी जनार्दन, आणि त्यांचे आजोबा बाळाजी महादेव.

आजोबाचें नांव नातवास दिलें कीं घरांत एक अडचण उभी राहते. सून सासऱ्याचें नांव घेत नाहीं. मग मुलास हांक कशी मारावी? म्हणून नाना, आप्पा, तात्या, दादा, बापू हीं घरगुती नांवें रूढ झालीं, आणि पुढें ‘साहेब’ जोडून तींच दप्तरांत आलीं. परंतु तीं थोडीं व माणसें पुष्कळ. सांगलीचे चिंतामणराव पांडुरंग (मृत्यु १८५१) आप्पासाहेब, जमखंडीचे रामचंद्र परशुराम आप्पासाहेब, आणि १८३९ ते १८४८ साताऱ्याच्या गादीवर असलेले शहाजीराजेही आप्पासाहेब. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील पत्रांत ‘आप्पासाहेब’ असें आलें असतां पत्राचें स्थळ व मायना पाहिल्यावांचून नांव मांडणें म्हणजे अंधारांत तीर मारणें होय.

मग अर्थाला कांहींच किंमत नाहीं काय? आहे, पण ती घराण्याविषयीं सांगते. सांगलीकर पटवर्धनांचें दैवत गणपति. तेथें पहिले राजे चिंतामणराव, त्यांचे पुत्र धुंडिराजराव, आणि पुढील दत्तक राजे पुनः चिंतामणराव. तिन्ही नांवें गणपतीचीं. येथें अर्थानें व्यक्ति ओळखूं येत नाहीं, कुलाची निष्ठा ओळखूं येते. धोंडो, कोंडाजी, दगडू, भिकाजी या नांवांचाही अर्थ असाच बोलका आहे. मागलीं मुलें जगलीं नाहींत म्हणजे मृत्यूची दृष्टि लागूं नये यासाठीं दगडाचें, कोंड्याचें किंवा भिकेचें नांव ठेवीत. मात्र तेंच नांव पुढें नातवास दिलें गेलें, तर तेथें तो अर्थ उरत नाहीं; पहिल्या धोंडोच्या मागें दुःख असतें, दुसऱ्याच्या मागें केवळ आजोबा.

आडनांवांविषयींही तीच सावधगिरी हवी. किन्हईच्या कुलकर्ण्यांपैकीं परशुराम त्रिंबक यांस प्रतिनिधिपद मिळालें आणि पद हेंच घराण्याचें आडनांव झालें. औंधचे पंतप्रतिनिधि ते हेच. बिशपच्या सहींत पीठ येतें तसें येथें पद आलें, पण बिशपचें पीठ त्याच्याबरोबर संपतें आणि आपल्याकडील पद वंशांत राहतें. इचलकरंजीचे संस्थापक नारो महादेव हे मूळचे जोशी. सेनापति संताजी घोरपड्यांच्या आश्रयास स्मरून त्यांनीं घोरपडे हें आडनांव घेतलें. त्यांचेच उपाध्ये हरभट पटवर्धन. हरभटांचे पुत्र व नातू तरवार बांधून सरदार झाले, तेव्हां ‘भट’ जाऊन ‘राव’ आला. प्रत्यय पाहून घराण्याचा पालटलेला व्यवसाय कळतो तो असा.

तेव्हां संग्राहकांस आमची सूचना एवढीच कीं, यादी करतांना नांव जसें कागदांत असेल तसेंच, त्याच रूपांत प्रथम उतरावें; बापाचें नांव, प्रत्यय, पद व घरगुती नांव हीं गाळूं नयेत. ओळख पटली असें वाटल्यास ती वेगळ्या रकान्यांत, आधारासह लिहावी. मूळ नांव खोडून तिच्या जागीं घालूं नये. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे (मृत्यु १९२४) यांनीं पटवर्धनांच्या दप्तरांतून, आणि साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस (मृत्यु १९२६) यांनीं नाना ठिकाणांहून जें साहित्य उजेडांत आणिलें, त्याचा उपयोग पुढील पिढ्यांस होतो तो नांवांचे संबंध जुळले म्हणूनच. चुकीचा अर्थ दुसरा विद्वान् दुरुस्त करूं शकतो; परंतु यादींत गाळलेलें बापाचें नांव मूळ कागद जीर्ण होऊन गेल्यावर कोणासही परत मिळवितां येत नाहीं.