बोटं हलवून दाखवा

उसाचा हंगाम सुरू झाला की अकलूजच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांची रांग लागते. रात्री मागे दिवा नसलेली ट्रॉली दुचाकीवाल्याला दिसत नाही आणि मांडी नाहीतर नडगी मोडून घेऊन माणूस हाडांच्या दवाखान्यात येतो. जर्मन सर्जन गेरहार्ड कुंचर यांनी १९३९ मध्ये मांडीच्या हाडाच्या पोकळीत रॉड घातला. अशा ऑपरेशनमुळे पायाला वजन लटकवून महिनोन्‌महिने पडून राहणं टळलं. ऑपरेशन काही तासांत उरकतं. पुढची भिस्त खाटेशेजारी बसणाऱ्यावर असते.

पहिले दोन दिवस पायाच्या बोटांवर नजर हवी. सिस्टर येते, “बोटं हलवा बरं” म्हणते. नख दाबून सोडते, दोन सेकंदांत ते पुन्हा गुलाबी होतं का बघते, स्पर्श कळतो का विचारते. पोटरीचे स्नायू न ताणणाऱ्या आवरणात बांधलेले असतात. आत सूज कोंडली की रक्तपुरवठा अडतो आणि काही तासांत स्नायू कायमचे मरतात. इंजेक्शन देऊनही न थांबणारी, बोटं ताणली की असह्य होणारी कळ ही पहिली खूण. पाय गार पडायची वाट बघू नका. “थोडं सोसावं लागतंच, आबा” म्हणून गप्प करू नका. रात्रीचे तीन वाजले असले तरी सिस्टरला बोलवा.

दुखतंय म्हणून पोटरी तेलानं चोळायची तर अजिबात नाही. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्यापेक्षा जागेपणी दर तासाला घोटा वर-खाली करायला लावा. उशी गुडघ्याखाली नको, गुडघा आखडतो. ती पोटरीखाली अशी ठेवा की टाच अधांतरी राहील. शुगरच्या रुग्णाला टाचेची जखम फार महागात पडते.

भातानं, दह्यानं जखमेत पू होतो, ही समजूत खोटी आहे. हाड जुळायला अंडी, डाळ, उसळ, दूध हवं. तंबाखू आणि मिश्री मात्र बंदच. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, हाड उशिरा जुळतं.

घरी जाण्याआधी कमोडची खुर्ची आणून ठेवा, उकिडवं बसणं इतक्यात जमणार नाही. पायावर किती भार टाकायचा, हे डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या आणि वॉकर धरून चार पावलं सिस्टरसमोरच टाकून बघा.