चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील आदिवासी बालसंगोपन आणि स्वच्छता

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत आई, आजी, मोठी बहीण आणि सुईण यांच्या स्वच्छताविषयक सवयींचा लहान मुलांच्या आजारपणाशी व मृत्यूशी निकटचा संबंध आहे. या सवयी कशा बदलतात आणि त्यातून किती बालमृत्यू टळतात, या प्रश्नाचा अभ्यास येथे १९८०च्या दशकापासून झाला आहे. गडचिरोलीत १९९५ साली सुरू झालेल्या ‘घरोघरी नवजात बाळसेवा’ या प्रयोगामुळे हा भाग जगाच्या सार्वजनिक आरोग्यशास्त्रात ओळखला जाऊ लागला.

पार्श्वभूमी

पूर्वीच्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. २०११च्या जनगणनेनुसार गडचिरोलीच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३९ टक्के, तर चंद्रपुरात सुमारे १८ टक्के होते. भामरागड व एटापल्ली तालुक्यांत माडिया गोंड, चंद्रपूरच्या जिवती, कोरपना व राजुरा परिसरात कोलाम, आणि दोन्ही जिल्ह्यांत गोंड व परधान समाज राहतात. माडिया गोंड आणि कोलाम यांची गणना केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केली आहे. माडिया, गोंडी, कोलामी, मराठी, छत्तीसगढी आणि दक्षिणेला सिरोंच्याकडे तेलुगू अशा अनेक भाषा येथे बोलल्या जातात. आरोग्यशिक्षणाचे मराठी भित्तिपत्रक येथील पुष्कळ घरांत वाचलेच जात नाही, त्याचे हे एक साधे कारण आहे.

माणसे पाड्यांवर विखुरलेली आहेत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्याचा आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडण्याचा हंगाम असतो. त्या काळात आई पहाटेच रानात जाते आणि तान्हे मूल आजीकडे किंवा आठ-दहा वर्षांच्या बहिणीकडे राहते. त्यामुळे ‘मातांचे प्रबोधन’ एवढाच हेतू धरून आखलेला कार्यक्रम येथे अपुरा पडतो. मुलाला खरोखर भरवणारे आणि त्याची शी काढणारे हात पुष्कळदा दुसऱ्याच कोणाचे असतात.

संसर्गाचे मार्ग

जन्मानंतरचे पहिले २८ दिवस सर्वाधिक धोक्याचे असतात. घरी होणाऱ्या प्रसूतीत सुईणीचे न धुतलेले हात, नाळ कापण्याचे जुने पाते किंवा विळा, नाळ बांधण्याचा मळका दोरा आणि नाळेच्या देठावर लावलेली राख अथवा तेल यांतून जंतू बाळाच्या शरीरात शिरतात. रक्तात पसरलेल्या अशा जंतुसंसर्गाला ‘जंतुदोष’ म्हणतात. बाळ दूध ओढेनासे होते, त्याचे अंग थंड पडते, रडणे क्षीण होते आणि काही तासांत ते दगावू शकते. प्रसूतीच्या वेळी हात, जागा, पाते, दोरा आणि नाळेचा देठ स्वच्छ ठेवावा, हा सुईणींच्या प्रशिक्षणातील जुना पाठ याच कारणाने महत्त्वाचा आहे.

वरचा आहार सुरू झाल्यावर धोक्याचे स्वरूप बदलते. आता वाटी, बोटे, माश्या आणि उघड्या मडक्यातले पाणी यांतून अतिसार होतो. लहान मुलाची विष्ठा निरुपद्रवी असते, ही समजूत केवळ आदिवासी भागात नव्हे तर सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात तिच्यात रोगजंतू मोठ्या माणसाच्या विष्ठेपेक्षा कमी नसतात.

नेपाळच्या सारलाही जिल्ह्यात झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या माता बाळाला हाताळण्यापूर्वी हात धूत त्यांच्या बाळांचे मृत्यू ४४ टक्क्यांनी कमी आढळले. कराचीच्या वस्त्यांत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साबणाने हात धुण्यामुळे पाच वर्षांखालील मुलांतील न्यूमोनिया आणि पंधरा वर्षांखालील मुलांतील अतिसार दोन्ही जवळपास निम्म्याने घटले. पहिला अभ्यास निरीक्षणात्मक होता. हात धुणाऱ्या माता इतर बाबतींतही दक्ष असू शकतात, हे तो वाचताना लक्षात ठेवावे लागते.

घरोघरी नवजात बाळसेवा

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ साली गडचिरोलीतील ८६ गावांत नवजात बाळांच्या मृत्यूंची नोंद सुरू केली. त्यांपैकी ३९ गावांत १९९५पासून सेवा देण्यात आली, तर ४७ गावे तुलनेसाठी ठेवली गेली. प्रत्येक गावातून पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेली एक स्त्री निवडून तिला ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण दिले गेले. ती गरोदरपणात घरी जाई, प्रसूतीच्या वेळी सुईणीसोबत हजर राही आणि त्यानंतर महिनाभर ठराविक दिवशी बाळाला तपासत असे.

या कामात स्वच्छतेसाठी वेगळा उपदेश नव्हता. आरोग्यदूत घरात शिरल्यावर प्रथम स्वतःचे हात साबणाने धूत असे आणि मगच बाळाला हात लावत असे. तिने बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, त्याला उबदार गुंडाळणे, हे सारे आजी आणि शेजारणी पाहत असत. जन्मल्याबरोबर बाळाला अंघोळ घालू नये, चीक टाकून देऊ नये, नाळेला काही लावू नये, या गोष्टीही त्याच भेटींत सांगितल्या जात. सांगणारी बाई गावचीच, त्यांचीच भाषा बोलणारी आणि रात्री-अपरात्री हाक मारली तर येणारी होती. दवाखान्यातील भाषण आणि या भेटी यांतला फरक येथेच आहे.

सेवेच्या तिसऱ्या वर्षी या गावांत हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यूंचे प्रमाण २५.५ होते, तर तुलनेच्या गावांत ५९.६. हे निष्कर्ष डिसेंबर १९९९मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जंतुदोष झालेल्या बाळांना आरोग्यदूत घरीच जंतुविरोधी इंजेक्शन देत असे. कमी शिकलेल्या स्त्रीने ते द्यावे काय, यावर त्या काळी वैद्यक क्षेत्रात वाद झाला.

स्वच्छतेचा वाटा किती?

या प्रयोगाचा उल्लेख करताना सारे श्रेय हात धुण्याला देण्याचा मोह होतो. आकडे तसे सांगत नाहीत. टळलेल्या मृत्यूंचे विश्लेषण २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार जंतुदोषावरील उपचारांचा वाटा ३६ टक्के, कमी वजनाच्या बाळांच्या काळजीचा ३४ टक्के आणि जन्मतः गुदमरलेल्या बाळांवरील उपचारांचा १९ टक्के होता. केवळ प्रतिबंधाचा वाटा ७ टक्केच निघाला. मात्र त्याच तीन वर्षांत दर १०० नवजात बाळांमागे आढळणाऱ्या आजारांची संख्या २२८वरून ११५वर आली. म्हणजे घरातील सवयी बदलल्याने आजार जवळजवळ निम्मे झाले, आणि तरीही जे आजारी पडले त्यांना वाचवण्यासाठी औषध लागलेच. स्वच्छता शिकवली की दवाखान्याची गरज उरत नाही, असा अर्थ यातून निघत नाही. दुर्गम भागातील उपकेंद्र रिकामे ठेवून साबणाच्या वड्या वाटणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

गडचिरोलीच्या चाचणीतील गावांत आदिवासी व बिगर-आदिवासी असे दोन्ही समाज होते. बहुतांशी आदिवासी वस्तीतील पुरावा झारखंड व ओडिशातून मिळतो. तेथे ‘एकजूट’ या संस्थेने २००५ ते २००८ या काळात स्त्रियांचे गट जमवून चित्रे, गोष्टी आणि खेळ यांच्या आधारे चर्चा घडवल्या. काय बदलायचे हे गटच ठरवत. तीन वर्षांत नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी घटले आणि प्रसूतीपूर्वी सुईणीने हात धुण्यासारख्या घरगुती सवयींत स्पष्ट सुधारणा दिसली.

सवय आणि ज्ञान

हात का धुवावेत हे बहुतेकांना ठाऊक असते, पण ठाऊक असणे आणि धुणे यांत मोठे अंतर आहे. आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यात झालेल्या ‘सुपरअम्मा’ मोहिमेत रोगजंतूंविषयी जवळजवळ काहीच सांगितले गेले नाही. चांगली आई, शिष्टाचार आणि किळस या भावनांना तेथे आवाहन होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनंतर मोक्याच्या वेळी साबणाने हात धुण्याचे प्रमाण मोहिमेच्या गावांत ३७ टक्के आणि इतर गावांत ६ टक्के होते. यश उल्लेखनीय असले, तरी उत्तम मोहिमेनंतरही दर तीनांपैकी जवळजवळ दोन वेळा हात साबणाविनाच राहिले.

आदिवासी समाजाला ‘अस्वच्छ’ ठरवणारी शहरी भाषा या कामात अडथळाच आणते. शेणामातीने सारवलेली ओसरी आणि रोज झाडलेले अंगण माडिया पाड्यात सहज दिसते. दिसणारी घाण दूर करण्याची रीत तेथे आहेच. न दिसणाऱ्या जंतूची कल्पना बाहेरून आली आहे, आणि ती युरोपातही सहजासहजी स्वीकारली गेली नव्हती. १८४७ साली व्हिएन्नात डॉक्टरांना हात धुण्यास सांगणाऱ्या इग्नाझ सेमेलवाइसला त्याच्या सहकाऱ्यांनीच विरोध केला होता.

पाणी

सवयींची मर्यादा शेवटी पाण्याशी येऊन ठेपते. जिवतीच्या डोंगराळ भागातील कोलाम गुड्यांवर उन्हाळ्यात पाण्याची तीव्र टंचाई असते. डोक्यावरून घागर आणणारी स्त्री ते पाणी आधी पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी राखते आणि हात धुण्याची पाळी शेवटी येते. दोरीने टांगलेला, पायाने दाबून कलता करायचा डबा थोड्या पाण्यात काम भागवतो, म्हणून अनेक संस्था त्याचा प्रसार करतात. साबण नसेल तर राख वापरली जाते. तिच्या परिणामकारकतेचा पुरावा मात्र अपुरा असल्याचे २०२० सालच्या आढाव्यात नमूद आहे.

माडिया समाजातील कुर्मा घराचा प्रश्नही पाण्याशी जोडलेला आहे. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रिया गावाबाहेरच्या या झोपडीत राहतात. तेथे बहुधा ना पाणी असते, ना शौचालय. प्रथा एका दिवसात मोडत नाही, हे ओळखून काही संस्थांनी पाणी व न्हाणीची सोय असलेली पक्की कुर्मा घरे बांधली. प्रथा टिकवण्यास त्याने हातभार लागतो, असा आक्षेप त्यावर घेतला जातो.

शासकीय कार्यक्रमांत समावेश

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००९ साली नवजात बाळाच्या गृहभेटींची शिफारस केली. भारत सरकारने २०११ साली हे काम आशा कार्यकर्त्यांकडे सोपवले. दवाखान्यात प्रसूती झाल्यास ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, आणि घरी झाल्यास त्याखेरीज पहिल्या दिवशी भेट द्यायची असते. बाळाला हात लावण्यापूर्वी हात धुणे हा तिच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. २०१८पासून तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी आणखी पाच भेटींची भर पडली. दुर्गम गावांतील गरोदर स्त्रियांना प्रसूतीच्या काही दिवस आधी प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ राहता यावे, यासाठी महाराष्ट्र शासनाने ‘माहेर घर’ योजना राबवली. त्यामुळे दवाखान्यातील प्रसूतींना मदत झाली. दोन-तीन दिवसांत बाळ आपल्या पाड्यावर परतते आणि तेथून पुढे त्याला पुन्हा आजी, बहीण व आईच हाताळतात.