नव्या विभागाचा पाया आणि त्याचा खर्च

नव्या विभागाच्या पायावर एवढा खर्च का झाला, अशी पृच्छा काही देणगीदारांनी केली आहे. आम्ही हिशेबाची माणसे. जमिनीत गाडलेला पैसा ताळेबंदात दिसतो, डोळ्यांना दिसत नाही, हे आम्हांसही ठाऊक आहे.

मुंबईत अनेक ठिकाणी वर भरावाची माती आणि खाली काळा पाषाण आहे. म्हणून पाइल, म्हणजे काँक्रीटचे खोल खांब, खडकापर्यंत न्यावे लागतात. ते घणाने ठोकल्यास हादरे शेजारच्या जुन्या दगडी भिंतींना पोहोचतात. २०१७ साली मेट्रो-३ च्या कामामुळे आपल्या १८९८ च्या वास्तूस धोका असल्याचे सांगून फोर्टमधील जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटने उच्च न्यायालयात दाद मागितली होती, आणि न्यायालयाने तेथील काम काही काळ थांबविले होते.

आमच्या जुन्या इमारतीत तर रुग्ण आहेत. शिवाय गल्लीतून मोठे यंत्र आत येत नाही. त्यामुळे लहान यंत्राने कमी व्यासाची छिद्रे पाडून, माती ढासळू नये म्हणून लोखंडी नळी बसवून, सळया तुकड्यातुकड्यांनी जोडत आत सोडाव्या लागल्या, मग काँक्रीट. जाड खांबांऐवजी बारीक खांब, म्हणून त्यांची संख्याही वाढली. शस्त्रक्रिया चालू असताना यंत्र बंद ठेवले जाई. त्या तासांचे भाडेही याच खर्चात आहे.