दुसरी किल्ली कुठे ठेवायची?

मडगार्डच्या आतल्या बाजूला चुंबकाची डबी चिकटवायची आणि तिच्यात गाडीची दुसरी किल्ली ठेवून द्यायची, हा सल्ला गाडीवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतो आहे. किल्ली हरवली तरी अडायला होत नाही, असा त्यामागचा हिशेब. पण ही जागा मालकाला सुचते तशी चोरालाही सुचते. शिवाय आजच्या बहुतेक गाड्यांचे बंपर आणि चाकावरचं आतलं अस्तर प्लास्टिकचं असतं, तिथे चुंबक धरत नाही. लोखंड सापडलंच, तरी खड्ड्यांचे हादरे आणि वॉशिंग सेंटरवरचा पाण्याचा झोत यांपुढे डबीचा काही भरवसा नाही.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत तर हा उद्योग करूच नये. अशी गाडी दाराच्या आसपास साधारण मीटरभरात आपली किल्ली आहे का, हे रेडिओलहरींनी तपासते. किल्ली तेवढ्या टप्प्यात लपवलेली असेल, तर हँडलवरचं बटण दाबणाऱ्या कोणालाही दार उघडून मिळू शकतं. डबी शोधण्याचीसुद्धा गरज उरत नाही.

मग गाडीतच डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली तर? स्मार्ट किल्ली आत राहिली की अनेक गाड्या बीप देऊन कुलूप लावायला नकार देतात. त्यावर काही जण किल्लीतला सेल काढून ठेवतात. गाडीला किल्ली जाणवत नाही आणि कुलूप लागतं, एवढं खरं. पण या किल्लीच्या आत एक चिप असते, तिला स्वतःचा सेल लागत नाही. गाडीकडून मिळणाऱ्या ऊर्जेवर ती उत्तर देते. सेल संपलेली किल्ली स्टार्ट बटणाला किंवा माहितीपुस्तकात दाखवलेल्या जागी टेकवली की गाडी सुरू होते, ती याच सोयीमुळे. म्हणजे काच फोडून कप्पा उघडणाऱ्याच्या हाती चालू गाडीच पडते.

विम्याचा मुद्दा इथेच येतो, आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. गाडी चोरीला गेल्याचा दावा केला की विमा कंपनी साधारणपणे सगळ्या मूळ किल्ल्या मागते. दुसरी किल्ली गाडीबरोबरच गेली असेल, तर मालकाने वाजवी काळजी घेतली होती का, हा प्रश्न उभा राहतो. किल्ली ट्रकमध्येच राहिली आणि ट्रक चोरीला गेला, असं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. २०२३ मध्ये न्यायालयाने दावा पूर्ण फेटाळू दिला नाही, पण मंजूर झाली ती ७५ टक्के रक्कम. एवढ्यासाठीसुद्धा मालकाला कोर्टाची पायरी चढावी लागली.

‘किल्ली घरात आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ हा समज जुन्या गाड्यांपुरता ठीक होता. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्या तपासल्या, आणि दहाही गाड्या किल्लीला हात न लावता उघडल्या. पद्धत साधी. एक उपकरण गाडीजवळ, दुसरं घराच्या दाराबाहेर. गाडीची हाक पहिलं उपकरण दुसऱ्याकडे पोहोचवतं, दाराशेजारच्या खुंटीवरची किल्ली तिला उत्तर देते आणि किल्ली जवळच आहे असं गाडी मानते. पुढे जर्मनीतल्या एडीएसी या मोटारचालकांच्या संघटनेने शेकडो मॉडेल तपासली. बहुतेकांचा निकाल असाच लागला. अंतर नेमकं मोजणाऱ्या नव्या तंत्राच्या गाड्या मात्र बऱ्याच अंशी टिकल्या.

म्हणून स्मार्ट किल्ली दारापासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब, आतल्या खोलीत असावी. ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळण्याचा उपाय अगदीच खोटा नाही, पण फॉइल घडीवर फाटतं. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्याचंही तसंच: एखादा डबा लहरी अडवतो, एखाद्याच्या झाकणाच्या फटीतून त्या निसटतात. लहरी अडवणारी खास पाकिटं मिळतात. तीही वापरून सैल होतात. परीक्षा घरीच करता येते. दुसरी किल्ली लांब ठेवून, ही किल्ली डब्यात किंवा पाकिटात बंद करून गाडीच्या दाराशी उभं राहावं आणि हँडल ओढून पाहावं. दार उघडलं तर तो डबा डाळीसाठीच ठेवावा.

वापरात नसलेल्या किल्लीचा सेल टिकतो, हाही भ्रमच. अनेक स्मार्ट किल्ल्यांत सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा चपटा सेल असतो आणि किल्ली नुसती पडून असली तरी तो हळूहळू उतरतो. टीव्ही, संगणक, मोबाइलचा चार्जर यांच्या शेजारी तर लवकरच, म्हणून काही कंपन्या किल्ली अशा वस्तूंपासून मीटरभर दूर ठेवायला सांगतात. महिन्या-दोन महिन्यांनी दुसऱ्या किल्लीने गाडी उघडून, सुरू करून पाहिली की तिची अवस्था कळते.

बँकेचा लॉकर सगळ्यात सुरक्षित, असंही अनेकांना वाटतं. चोरीपासून, हो. पण रविवारी रात्री कोल्हापूरच्या वाटेवर किल्ली हरवली, तर लॉकरचा काय उपयोग? दुसरी किल्ली गाडीपासून लांब आणि विश्वासाच्या माणसाच्या हाताशी हवी: घरातल्या बंद कपाटात, किंवा त्याच शहरातल्या बहिणीकडे, भावाकडे. लांबच्या प्रवासात ती सोबतच्या माणसाच्या खिशात असावी, चालवणाऱ्याच्याच बॅगेत नको. तिला गाडीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधू नये. हरवलेल्या किल्लीवरचा नंबर थेट पार्किंगमधल्या गाडीकडे बोट दाखवतो. सोसायटीच्या केबिनमधल्या उघड्या बोर्डावरही ती नको. १९९८ मध्ये दिल्लीच्या ताज महाल हॉटेलमधून एका पाहुण्याची मारुती झेन गेली, ती डेस्कवरची किल्ली उचलूनच. ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असं पावतीवर छापलेलं असूनही २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलला जबाबदार धरलं. भरपाईचा वाद एकवीस वर्षं चालला.

जुनी गाडी विकत घेताना दोन्ही किल्ल्या मागून घ्याव्यात. एकच मिळाली, तर दुसरी कुठे आहे याचा नाद सोडून अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठावं. चिपच्या किल्ल्यांची नोंद गाडीच्या संगणकात असते. हरवलेल्या किल्लीची नोंद पुसून नवी किल्ली जोडून घेता येते. त्यानंतर जुनी किल्ली कोणाच्या हाती लागली, तरी तिने इंजिन सुरू होत नाही. साध्या कुलपाचं दार मात्र तिच्या पात्याने अजूनही उघडू शकतं, त्यामुळे शंका असेल तर कुलपंही बदलून घ्यावीत.